मोठ्या अक्षरांतलं नाव

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक सोय होती. इंग्रजीतलं एखादं अक्षर दाबायचं, मग जागा सोडायची लांब पट्टी दाबायची, की त्या अक्षराच्या जागी आख्खा शब्द उभा राहायचा. आर दाबला की ‘रिस्पेक्टेड’. एम दाबला की ‘मॅनेजमेंट’. ही सोय नसती तर त्या खुर्चीवर मी आठवडाभरसुद्धा टिकले नसते.

माझी शाळा सातवीतच सुटली. आमची माणसं मेंढरामागची. वडील गेले, कळप विकला, आणि मला मामांकडं औरंगाबादला धाडलं. माणदेशातून इथं यायला तीन एसट्या बदलाव्या लागायच्या, आणि शेवटची एसटी स्टँडात शिरली तेव्हा मी पिशवी छातीशी इतकी घट्ट धरली होती की आतल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून माझ्या परकराला तेल लागलं. मामा वाळूजच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन होते. मामी गावाकडंच असायची. एका रांगेत सहा-सात खोल्या, त्यातली एक आमची. मामांना रात्रपाळी असली की शेजारच्या खोलीतली म्हातारी दारात येऊन म्हणायची, “पोरी, एकली नको झोपू. इकडं ये. जेवलीस का?”

तिला सगळे माय म्हणायचे, मीही म्हणू लागले. ती बांधकामावर जायची. तिचा मुलगा वाळूजलाच, मामांच्याच कंपनीत टेंपरवारी कामगार. मी त्याला दादा म्हणायची. वयानं फार मोठा नव्हता, पण बोलणं मोठ्यासारखं. इंग्रजी अक्षरांचा कागद पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवून “हा ए, हा बी, घाबरायचं काय त्यात” म्हणणारा तोच. टायपिंगच्या दुकानात मला नेऊन चाचांसमोर उभी करणाराही तोच.

चाचा म्हणजे दुकानाचे मालक. कोर्टात आयुष्यभर टायपिंग करून निवृत्त झालेले, बोटं वाकडी झालेली. समोर झेरॉक्सचं मशीन, मागं शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी खडखडणारे टाइपरायटर, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली नवा कॉम्प्युटर. मराठीचं काम टाइपरायटरवर, इंग्रजीचं कॉम्प्युटरवर. मला अक्षरं ओळखता यायची, शब्द कळायचे नाहीत. दुसरीच्या दारातली रांगोळी बघून आपल्या दारात काढावी, तशी मी कागद बघून इंग्रजी टाइप करायची. एखादा ठिपका चुकला तर काय बिघडलं ते मला कळायचं नाही, गिऱ्हाइकाला कळायचं. दर कागद मी देण्याआधी तीनतीनदा मुळाशी ताडून बघायची.

चाचांनी माझी भीती ओळखली. एका दुपारी त्यांनी माझ्या शेजारी स्टूल ओढलं आणि अर्जांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे लांब शब्द एकेका अक्षरात भरून ठेवले.

“अब कायकू डरती, बेटा?” ते म्हणाले. “लंबा शब्द मशीनला पाठ. तू फक्त त्याचं पहिलं अक्षर याद ठेव.”

“चाचा, एका अक्षराचे दोन शब्द असले तर?”

“तर दोन अक्षरांची खूण करू.”

“नको. दोन नको. मी उलटसुलट करीन.”

ते हसले, पण माझं ऐकलं. म्हणून आमच्या मशीनमधल्या खुणा सगळ्या एका अक्षराच्या राहिल्या.

त्यातून एक गंमत झाली. इंग्रजीचा एकच नियम मला पक्का ठाऊक होता: टिंब आलं की पुढचं अक्षर मोठं. मी वाक्याच्या सुरुवातीला मोठा आर दाबायची, आणि पडद्यावर सगळाच्या सगळा शब्द मोठ्या अक्षरांत यायचा. पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान असं यायचंच नाही. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, “मशीन खुणेकडं बघते. खूण सगळी मोठी, तर शब्द सगळा मोठा. तू दिलंस एकच अक्षर, तेही मोठं. ती बिचारी समजते, बाईसाहेबांना सगळंच मोठं पाहिजे.”

त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, कारण गिऱ्हाइकं खूश होती. आपल्या मराठीत अक्षराला मोठं-लहान नसतं, सगळी एकाच रेघेला लोंबतात, त्यामुळं मला त्या मोठेपणाचं काही वाटायचं नाही. पण अर्जाच्या माथ्यावर ‘रिस्पेक्टेड’ असं ठळक दिसलं की अर्ज करणाऱ्याचा चेहरा उजळायचा. एक सिल्लोडचा कापसाचा व्यापारी तर म्हणाला, “साहेबाला असाच मान आवडतो. लांबून दिसला पाहिजे.” हळूहळू ती आमच्या दुकानाची ओळखच झाली. वाळूजच्या ऑफिसांमध्ये म्हणे कागद बघूनच कळायचं, हा कुठून टाइप झालाय.

तेव्हा वाळूजला दर थोड्या दिवसांनी नवी शेड उभी राहायची, आणि विद्यापीठाच्या नावावरून शहर दर थोड्या दिवसांनी बंद व्हायचं. मायच्या भिंतीवर ज्यांचा फोटो होता, त्यांचं नाव विद्यापीठाला द्यायचं की नाही, यावरून मी यायच्या आधीपासून माणसं मरत होती. मायचं घर सिल्लोडकडच्या एका खेड्यात होतं. ते याच नावापायी जाळलं. माय हे एकदाच बोलली, भाकरी थापताना. “घर गेलं. तवा तेवढा राह्यला. लोखंडाला काय व्हतंय.” आम्ही रोज त्याच तव्यावरची भाकरी खात होतो. मी त्या दिवसानंतर तव्याकडं बघत नसे.

मामा मला बजावायचे, “आपण मेंढरामागची माणसं. आपल्याला नावाशी काय करायचंय? शेजाऱ्याशी गोड राहायचं, मोर्चा आला की दार लावायचं.” ते वाईट माणूस नव्हते. गेटवरची नोकरी गेली तर गावाकडं पाच तोंडं होती, एवढंच त्यांना दिसायचं.

मग एका हिवाळ्यात निकाल लागला. नाव दिलं. जुन्या नावापुढं नवं नाव जोडलं गेलं. रस्त्यावर काही ठिकाणी गुलाल, निळा झेंडा, पेढे, आणि काही ठिकाणी दगड. आम्ही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. चाचांनी कॉम्प्युटर सुरू केला, युनिव्हर्सिटीच्या यू या अक्षरात भरलेलं विद्यापीठाचं जुनं नाव पुसलं आणि दोन बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर तोंडानं पुटपुटत नवं लांबलचक नाव भरलं.

कोर्टातला एक ओळखीचा कारकून झेरॉक्सला थांबला होता. तो म्हणाला, “चाचा, तुम्हाला काय पडलंय? जुनंच राहू द्या की. निम्मे लोक जुनंच मागतील.”

“मागतील त्यांना जुनं देऊ.”

“आणि नवं एवढं मोठं झालंय. बोटं दुखतील.”

“मी पानावर पैसे घेतो, मियाँ,” चाचा म्हणाले. “शब्दावर घेत असतो, तर आज चांदी झाली असती.”

कारकून हसला. चाचा हसले नाहीत.

दादानं त्याच सुमाराला बी.ए. पूर्ण केलं होतं. बाहेरून परीक्षा देऊन, पाळ्या करत, बसमध्ये पुस्तक मांडीवर घेऊन. टेंपरवारी कामगाराला सात महिने झाले की कंपनी ब्रेक द्यायची. म्हणजे घरी बसवायची, आणि थोड्या दिवसांनी नव्यानं घ्यायची, म्हणजे तो कधी कायम व्हायचाच नाही. दादाचे असे कितीतरी ब्रेक झाले होते. दर ब्रेकला माय बांधकामावर दुप्पट खपायची. आता कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकुनाची कायम जागा निघाली होती, पदवीधर पाहिजे होता. आतल्या माणसाला आधी संधी, असं साहेब स्वतः बोलले होते. दादाचा पुढचा ब्रेक महिन्यावर आला होता. त्याच्या आत जागा मिळाली तर मिळाली.

त्यानं अर्ज स्वतः लिहिला, इंग्रजीत. शुक्रवारी दुपारी तो दुकानात आला तेव्हा चाचा नमाजाला गेले होते.

“ताई, मार्कशीटवर जुनं नाव हाय,” तो म्हणाला. “पण अर्जावर नवं टाका.”

“आमच्या मशीनमध्ये नवंच आहे, दादा.”

मी टाइप करत गेले. एका ठिकाणी टिंब आलं, आणि पुढचं वाक्य विद्यापीठापासून सुरू होत होतं. विद्यापीठानं मला पदवी दिली, अशा अर्थाचं काहीतरी. मी सवयीनं मोठा यू दाबला, पट्टी दाबली. पडद्यावर ते नाव उभं राहिलं. एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत, सगळं मोठ्या अक्षरांत, ओळ पूर्ण भरून. पानावरचं बाकी सगळं त्याच्यापुढं बारीक वाटायला लागलं.

माझा हात थांबला. ‘रिस्पेक्टेड’ मोठं आलं तर चालतं, हे मला ठाऊक होतं. हे चालेल का, ते कळेना. पुसून हातानं टाइप करावं तर एवढं लांब नाव मी कधी अक्षर अक्षर टाइप केलेलं नव्हतं. कुठं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर नावाचीच विटंबना.

“दादा, जरा थांबता? चाचा येऊ देत. ते लहान करतील.”

तो माझ्या खांद्यामागं उभा राहून पडद्याकडं बघत होता.

“राहू द्या,” तो म्हणाला.

“साहेब चिडतील.”

“काहून? त्यांचा ‘रिस्पेक्टेड’ वर मोठा हाय ना? मग हे बी मोठं राहू द्या. बराबरीला येतं.”

“दादा, नोकरीचा अर्ज आहे.”

“व्हय, माझाच हाय.” मग जरा मवाळ होऊन म्हणाला, “ताई, हे नाव मी भिंतीवर वाचलं, झेंड्यावर वाचलं. माझ्या स्वतःच्या कागदावर पयल्यांदा बघतोय. काढा प्रिंट.”

प्रिंटर करवतीसारखा आवाज करत कागद बाहेर ढकलायचा. त्या ओळीला तो जास्तच वेळ घेतोय असं मला वाटलं. दादानं कडेच्या भोकांच्या पट्ट्या स्वतः फाडल्या, सावकाश, कागद न दुमडता. बाहेर पडताना तो शिट्टी वाजवत होता. मी त्याची शिट्टी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

चार-पाच दिवसांनी तो पाळीवरून परस्पर दुकानात आला. अर्ज डब्याच्या झाकणात ठेवलेला, तेलाचा डाग पडलेला. त्या ओळीखाली लाल रेघ. साहेबांनी आरडाओरडा केला नव्हता. शांतपणे विचारलं होतं, “हा अर्ज आहे की मोर्च्यातला बॅनर?” ऑफिसातली माणसं हसली. साहेब म्हणाले, “नीट करून आणा. नावाचं राजकारण गेटच्या बाहेर.” तेव्हापासून लाइनवरची पोरं त्याला बॅनर म्हणू लागली होती. “ए बॅनर, जरा स्पॅनर दे.” ती जोडी त्यांना फार आवडली होती.

“लहान करा, ताई,” तो म्हणाला.

“दादा, तुम्हीच म्हणाला होता...”

“मायनं सांगितलंय. म्हणली, नाव लहान झाल्यानं ते काय लहान व्हत न्हाईत. नोकरी गेली की आपण लहान व्हतो.”

चाचा होते त्या दिवशी. त्यांनी मला दाखवलं: लहान यू दाबायचा, नाव लहान अक्षरांत येतं, मग जिथं जिथं मोठं हवं तिथली तेवढी अक्षरं बदलायची. मी तसं केलं. ओळ अर्धी झाली. बाकीच्या ओळींत ती मिसळून गेली, शोधावी लागेल अशी. दादानं प्रिंट घेतली, वाचली नाही, घडी घालून खिशात ठेवली.

पुढचे दिवस रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कशाची वाट बघणं चाललंय. माय संध्याकाळी बांधकामावरून आली की आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, मग पाय धुवायची. मी मनातल्या मनात खंडोबाला बोलून ठेवलं. एका संध्याकाळी जेवताना मामा म्हणाले, “साहेबांनी मला विचारलं. म्हणले, त्या मोठ्या अक्षरांच्या दुकानात तुमची भाची आहे ना?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणालो. काय म्हणणार?” मामांनी ताटातली भाकरी बाजूला केली. “त्यांनी फक्त मान हलवली. नुसती मान हलवतात ना, तेव्हाच भीती वाटते.”

ब्रेकची तारीख यायला अजून अवकाश होता. त्या सोमवारी सकाळच्या पाळीला दादा गेला, तर रॅकमध्ये त्याचं पंचिंगचं कार्ड नव्हतं. वेळ नोंदवायचं मशीन गेटच्या आतच होतं, आणि गेटवर मामा होते. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. हे मला मामांनी सांगितलं नाही, दादानंच सांगितलं, आणि मामांची बाजू घेत सांगितलं.

“त्यांचा काय दोष, ताई. ते म्हणले, ‘बाबा, तुझं कार्ड न्हाई, मला आत सोडता येत न्हाई.’ एवढं बोलले आन् खाली बघत उभे राह्यले. मागून पोरं ढकलत होती, बॅनर सरक, बॅनर सरक. मी सरकलो.”

स्टोअरची जागा कुणाला मिळाली ते कळलं नाही. कुणी म्हणालं, भरलीच नाही.

त्या संध्याकाळी मायनं रोजच्यासारख्या भाकरी केल्या. मीही होते. मामा आमच्या खोलीत दार लावून बसले होते, मधल्या भिंतीतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. दादा दोन घास खाऊन थांबला.

“माय,” तो म्हणाला, “मोठंच ठेवलं असतं तर काय येगळं झालं असतं?”

माय तव्यावरची भाकरी उलटत होती. “काय बी न्हाई,” ती म्हणाली.

“मग लहान करायला लावलंस.”

“लावलं.” तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली. “खा.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, तीन कंपन्यांची नावं कागदावर लिहून. अर्ज तोच, वरचा पत्ता तेवढा बदलायचा. मला आता लहान करता येत होतं. मी विचारलं, “कसं करू, दादा?”

“पयल्यासारखं.”

चाचांनी झेरॉक्सवरून मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि पुढचा कागद मशीनवर ठेवला. मी मोठा यू दाबला. तिन्ही वेळा ती ओळ पान भरून आली. तिन्ही अर्ज तो स्वतः जाऊन देऊन आला. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही.

उत्तर आलं ते दुसरीकडून. मामा एक दिवस ड्यूटीवरून तसेच, खाकी गणवेशात, दुकानात आले. चाचांना बाहेर घेऊन गेले. रस्त्यावरच्या गाड्यांत त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण मामांनी हात जोडलेले मी काचेतून बघितले. माझ्या वडिलांच्या मयतीलासुद्धा मी त्यांना असे हात जोडताना पाहिलं नव्हतं. चाचा आत आले, स्टूल ओढलं, आणि त्यांनी सगळ्या खुणा बदलायला घेतल्या. एका अक्षराच्या पुसून दोन अक्षरांच्या केल्या. आर, ई. एम, जी. यू, एन. पहिलं मोठं, दुसरं लहान दाबलं की मशीनला बरोबर कळायचं, आणि शब्द शहाण्यासारखा यायचा, डोकं तेवढं वर, बाकी खाली.

“चाचा, मी चुकीन दोन अक्षरांत,” मी म्हणाले.

“नक्को घाबरू. हळू हळू येईल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बेटा, मुझे बी दुकान चलाना है. तुला बी इथं बसायचंय.”

मी काही दिवस चुकले, मग शिकले. मला कामावरून काढलं नाही, माझा पगार एक दिवस चुकला नाही, आणि चाचांचे हे उपकार मी आजही मानते. ‘रिस्पेक्टेड’ लहान झालं म्हणून काही गिऱ्हाइकं कुरकुरली. तो सिल्लोडचा व्यापारी म्हणाला, “मान कमी झाला का आमच्या साहेबाचा?” चाचा म्हणाले, “मशीन बूढ़ी झाली, शेठ. आता ओरडवत नाही तिला.”

उन्हाळ्याच्या आत मामांनी खोली बदलली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सामान हातगाडीवर चढवलं तेव्हा माय कामावर गेलेली होती. मामांनी मुद्दामच ती वेळ धरली असावी. मी तिच्या दाराची कडी हातानं नुसती हलवून बघितली आणि गाडीमागं चालू लागले.

पुढच्या वर्षी ती मला औरंगपुऱ्यात भाजीबाजारात भेटली. आधी तिनंच हाक मारली. पाठ वाकली होती, हातात मेथीची एकच जुडी.

“दादा कसे आहेत?”

“मोंढ्यात हाय. पोती उचलतो.” थोडं थांबून म्हणाली, “अर्ज करतो अजून. आता क्रांती चौकाकडच्या दुकानातून करतो.”

“आमच्याकडं का नाही येत?”

“येनार व्हता. म्हणला, नगं. तिच्या मामाला तरास व्हईल.”

आमच्या मशीनमधून आता ते नाव मोठं येत नाही, हे तिला सांगावं का, असं मनात आलं, पण ते सांगून काय होणार होतं. माझ्या पिशवीत वांगी होती, मी ती तिला देऊ केली. तिनं घेतली नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, दादा पाळीवरून यायचा तेव्हा त्याच्याकडं बघायची तशी.

“लई वाळलीस,” ती म्हणाली. “जेवलीस का?”

मी व्हय म्हणाले. सकाळपासून चहावर होते, पण व्हय म्हणाले.